वेसेलींच्या घराची पोथी

१

सोमवारी दुपारी चार वाजता मार्सेला होलुबने काउंटरवरच्या पिशवीत हात घातला. पावाची प्लास्टिकची पिशवी तेवढी होती, आतून ओली. पोथी गायब होती.

पोथी हा शब्द आपला. आयोवात त्या गठ्ठ्याला ॲबस्ट्रॅक्ट म्हणतात. एखादं घर कुणी बांधलं, कुणी विकलं, कुठल्या साली गहाण पडलं, गहाण कधी सुटलं, कोण कुणावर कोर्टात गेलं, हे सगळं त्यात ओळीनं टाइप केलेलं असतं. घर गहाण असेतो पोथी बँकेकडे राहते. कर्ज फिटलं की ती घरी येते आणि लोक तिला फ्रीझरमध्ये ठेवतात. घराला आग लागली तर फ्रीझर सगळ्यात शेवटी जळतो, असं लिंडेन फोर्ड गावात प्रत्येकाला त्याच्या बापानं सांगितलेलं आहे. घर विकायचं झालं की मार्सेलानं पोथीत ताज्या नोंदी जोडायच्या, मग वकिलानं ती वाचायची, आणि मगच सह्या. चौतीस वर्षं ती हे करत होती आणि तिच्याआधी तिचे वडील. एवढ्या वर्षांत या दुकानातून कागदाचा कपटाही हरवला नव्हता.

ही पोथी ॲडलिन वेसेलीच्या घराची होती. ॲडलिनचं वय ऐंशी, डोळे जवळजवळ गेलेले. तिची बहीण रोझ शेजारच्या गावी मेपल कोर्ट नावाच्या वृद्धनिवासात होती आणि तिला सगळ्यांचा विसर पडत चालला होता. अजून फक्त ॲडलिन ओळखू यायची. रोझच्या शेजारची खोली रिकामी झाली होती. मेपल कोर्टवाल्यांनी ती शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ॲडलिनसाठी धरून ठेवायचं कबूल केलं होतं, त्यानंतर यादीतल्या पुढच्या माणसाला. घर विकल्याशिवाय खोलीचे पैसे भरता येत नव्हते, आणि पोथीशिवाय घर विकता येत नव्हतं.

मार्सेला खुर्चीत बसली, लगेच उठली, पुन्हा बसली. तोंडात पेपरमिंटची गोळी टाकून तिनं सकाळपासूनचा दिवस आठवायला घेतला.

नऊ वाजता ड्वेन आला होता. ड्वेन हा ॲडलिनचा मुलगा, वायरमन. घटस्फोटानंतर नऊ वर्षं आईच्या तळघरात राहत होता आणि त्यावरून गावभर टोमणे खात होता. आईला फ्रीझरमध्ये चाचपडायला नको म्हणून आपणच पोथी काढून आणली म्हणाला. ती थंडीनं पापडासारखी कडक झाली होती आणि तिला कांद्याचा वास येत होता. जाताना दारात थांबून त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, वकिलाला मागची चाळीस वर्षं पुरतात ना? मार्सेला म्हणाली होती, बघू.

तो गेल्यावर तिनं पानं चाळली होती. मधली दोन पानं कडेनं पट्टी लावून एकमेकांना चिकटवलेली होती, तीन बाजूंनी जुनी पिवळी पडलेली आणि चौथ्या बाजूला काळी. लोक पोथीला काय काय करतात, असं मनात म्हणून तिनं ती तशीच ठेवली. गोठलेला कागद सोलायला गेलं तर फाटतो. थोडी सैल होऊ दे, मग बघू, म्हणून पोथी पिशवीत घालून काउंटरवर ठेवली.

त्यानंतर तिघं आली होती. घर विकत घेणारी टेसा रूल, ॲडलिनच्या शेजारचा मर्ल स्टोडोला, आणि जर्दाळूचे गोड पाव घेऊन स्वतः ॲडलिन. प्रत्येकासाठी काही ना काही आणायला मार्सेला मागच्या तिजोरीच्या खोलीत गेली होती. म्हणजे चोर या तिघांतला तरी होता, नाहीतर ड्वेन परत येऊन गेला होता.

२

मंगळवारी सकाळी तिनं आधी ग्रँटला सांगितलं. ग्रँट हा टेसाच्या बँकेसाठी पोथी वाचणारा वकील, वय एकतीस, टाय अजून आईनं बांधून दिल्यासारखा. त्यानं डोक्यालाच हात लावला.

"मार्सेलाबाई, नवी पोथी करायला तीन आठवडे लागतात."

"सगळी केली तर. तुला पहिल्यापासून हवीय का?"

त्यानं नियम सांगितला, जणू मार्सेलाला तो माहीत नव्हता. चाळीस वर्षं मागे जायचं, त्याच्याही मागे मालकी देणारा जो पहिला कागद भेटेल तो धरायचा. त्याला मूळ म्हणतात. मुळापासून आजपर्यंतच्या नोंदी पुरतात, त्याआधीचं बुडालं तरी चालतं.

मार्सेला समोरच्या कोर्टाच्या इमारतीत नोंदणी कचेरीत जाऊन बसली. पण तिचं चित्त वह्यांत लागेना. एक गोष्ट तिला राहून राहून टोचत होती. पोथीतलं अक्षरन् अक्षर या कचेरीतून उतरवलेलं असतं. पोथी चोरून काहीही लपत नाही, कुणीही यावं आणि वही उघडून वाचावं. मग चोरायची कशाला? उत्तरं दोनच होती. एक तर चोराला काही लपवायचं नव्हतं, नुसता उशीर करायचा होता. नाहीतर लपवायचं होतं, पण कचेरीत प्रत असते हेच त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात तिला दोन हजार अकराची एक नोंद दिसली आणि ती सावध झाली. छत बदलण्यासाठी ॲडलिननं घरावर छोटं कर्ज काढलं होतं, असल्या कर्जाला बँक पोथी मागत नाही, आणि ते गहाण अजून सुटलेलं नव्हतं. ॲडलिन तर शपथेवर सांगत होती की पै न् पै फेडली.

टेसा आदल्या दिवशी नेमकं हेच विचारायला आली होती. ती मेपल कोर्टमध्येच परिचारिका होती, एक मुलगी, भाड्याचं घर, व्याजाचा दर बँकेनं शुक्रवारपर्यंतच बांधून दिलेला. आजीबाईंचं जुनं कर्ज माझ्या डोक्यावर येणार नाही ना, असं तिनं दोनदा विचारलं होतं. गहाण सुटल्याचा दाखला नोंदला गेला की नाही येणार, असं मार्सेलानं तिला सांगितलं होतं. दाखलाच नव्हता.

ती बँकेत गेली. तिथल्या बाईनं यंत्रात पाहून सांगितलं की कर्ज शून्य आहे, पण खातं जिवंत आहे. या जातीचं कर्ज फेडलं तरी पुन्हा उचलता येतं. खातं बंद करा असं मालकानं सही करून दिल्याखेरीज बँक गहाण सोडत नाही, आणि लोक दर वेळी हीच चूक करतात.

"गेल्या आठवड्यात याच खात्याची चौकशी करायला कुणीतरी आलं होतं," बाई म्हणाली.

"कोण?"

"त्यांचा मुलगा. ड्वेन."

३

बुधवारी सकाळी मार्सेला आधी मर्लकडे गेली. ड्वेनकडे जायचं तिच्या जिवावर आलं होतं, खरं म्हणजे.

उशीर करण्यात फायदा होता तो मर्लचा. त्यानंही हे घर मागितलं होतं, आपल्या मुलीसाठी, आणि टेसाचा व्यवहार शुक्रवारी मोडला की त्याचा नंबर लागणार होता. वर त्याची शेड वेसेलींच्या हद्दीत फूटभर घुसलेली. मर्ल ओट्यावर बसून मक्याची कणसं सोलत होता. नवी पोथी शुक्रवारपर्यंत तयार करते आहे, असं मार्सेलानं त्याला मुद्दाम सांगितलं आणि तोंडाकडे बघत राहिली.

मर्ल मान हलवून म्हणाला, कर की. मुलीला ओमाहात नोकरी लागली होती. त्यानं मागणी गेल्याच आठवड्यात परत घेतली होती, हवं तर ग्रँटला विचार म्हणाला. शेडचं म्हणशील तर हद्द पोथीत नसतेच, ती मोजणीवाल्याच्या नकाशात असते. बारा वर्षं नोंदणी कचेरीच्या खिडकीत बसलोय मी, मला शिकवतेस का?

मग कणीस खाली ठेवून तो जरा हळू बोलला.

"मार्सेला, तिथलं फार जुनं उकरू नकोस. ॲडलिननं खूप सोसलंय."

काय सोसलंय ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

ड्वेन तिला चौकात व्हॅनजवळ सापडला. बँकेचं नाव काढताच तो गोरामोरा झाला. मग त्यानं शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून दाखवला. खातं बंद करण्याचा अर्ज होता, बँकेतून घेतलेला, नुसती सही बाकी. आईच सही करत नव्हती. स्वतःला वाचता येत नाही अशा कागदावर सही करायची नाही, हा तिचा हट्ट, आणि वाचून दाखवायला बसलं की ती झोपून जायची. आजपर्यंत एक डॉलर कुणी उचललेला नव्हता. मार्सेलाला आपल्या संशयाची लाज वाटली.

"पण तू चाळीस वर्षांचं का विचारलंस?" तिनं तरी विचारलंच.

ड्वेननं व्हॅनचं दार लावलं, उघडलं, परत लावलं. "तुझं काम कमी व्हावं म्हणून," तो म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, लगेच कळलं.

दुपारी ती पुन्हा कचेरीत बसली आणि मागे मागे जात चाळीस वर्षांची रेघ ओलांडून गेली. त्र्याऐंशी, ऐंशी, पंच्याहत्तर, मालकीचा एकही कागद नाही. मग एकोणीसशे एकाहत्तर सालात बोट थांबलं. ते खरेदीखत नव्हतं, कोर्टाचा हुकूमनामा होता. तिनं कोर्टाच्या कारकुनाकडून मूळ प्रत मागवली, पहिलं पान वाचलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

४

ॲडलिन टिलर विरुद्ध रेमंड टिलर. घटस्फोट.

एमिल वेसेलीच्या आधी ॲडलिनचं एक लग्न झालं होतं. घर तिनं आणि त्या रेमंडनं मिळून घेतलं होतं. कोर्टानं ते गहाणासकट तिला दिलं आणि त्यापुढे मुलाचा उल्लेख होता. मुलगा ड्वेन, वय चौदा महिने.

एमिल वेसेली हा गावातला भला माणूस. ड्वेनला खांद्यावर घेऊन हिंडला, त्याला वायरमनचं काम शिकवलं, आणि पंधरा वर्षांमागे गेला तेव्हा ड्वेन लहान पोरासारखा रडला होता. एमिल त्याचा बाप नव्हता, हे मार्सेलालाही आजवर कळलं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते दफनभूमीत होते, किंवा मर्लसारखे तोंड मिटून होते.

नशिबाचा खेळ कसा असतो बघा. नेमका हाच कागद त्या घराचं मूळ होता. हा वगळावा तर ॲडलिनच्या मालकीला आधारच उरत नव्हता. तिचं सगळं घर त्या एका पानावर उभं होतं.

आता मार्सेलाचं डोकं भराभर चालायला लागलं. उशीर करून कुणाचाच फायदा नव्हता, म्हणजे चोरी लपवण्यासाठीच झाली. मर्लला कचेरी पाठ, तो असलं कधी करणार नाही. टेसाला घर हवं होतं. ड्वेनला लपवायची असती तर त्यानं ती आणलीच नसती, फ्रीझर त्याच्याच घरात होता. उरली एकच. जिला न विचारता पोथी बाहेर काढली गेली होती.

पण पुरावा? ऐंशी वर्षांची अधू म्हातारी एवढा गठ्ठा नेणार कशातून? तिच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती.

दुकानात परतल्यावर मार्सेलाला भुकेची जाणीव झाली आणि तिनं ॲडलिननं सोमवारी आणलेला उरलासुरला कोलाचे तोंडात टाकला. जर्दाळू भरलेला गोड पाव, आता वातड झालेला. खाता खाता तिला वाटलं, ॲडलिनचा खोका परत द्यायला हवा. गावातल्या चेक घरांची ही जुनी रीत. कोलाचे पांढऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून द्यायचे, खोका तिथेच ठेवायचा, आणि घेणाऱ्यानं आठवड्याभरात तो काहीतरी घालून परत करायचा. रिकामा खोका परत केला तर ते भांडण समजतात.

तिनं काउंटरवर पाहिलं, खाली पाहिलं, कपाटावर पाहिलं. खोका नव्हता. कोलाचे सोमवारपासून कागदी रुमालावर पडून होते, आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. ॲडलिननं आयुष्यात पहिल्यांदा खोका परत नेला होता, आणि तो बरोबर पोथीच्या मापाचा असतो.

पोथी कुठे आहे ते आता कळलं होतं. ती परत मागायची कशी, हे मात्र रात्रभर कळलं नाही.

५

गुरुवारी सकाळी ॲडलिन स्वयंपाकघरात एकटी बसली होती. सगळीकडे बांधाबांध केलेलं सामान, ड्वेन खाली तळघरात कसलंतरी खुडबुड करत होता. मार्सेलानं दार ओढून घेतलं.

"ॲडलिनबाई, खोका परत द्यायला आले असते. पण तो तुमच्याकडेच आहे."

म्हातारी उठली, भिंत धरत फ्रीझरपर्यंत गेली आणि पांढरा खोका काढून टेबलावर ठेवला. दोरीची गाठसुद्धा मारलेली होती.

"जिथली होती तिथे ठेवली," ती म्हणाली. "माझीच आहे, चोरी कसली?"

मग तिनं सगळं सांगितलं. रेमंड हात उगारायचा. एमिलनं तिला पदरातल्या पोरासकट स्वीकारलं आणि एका शब्दानं कधी दुखावलं नाही. ड्वेन मोठा झाल्यावर सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं, पण दर वर्षी ते पुढे ढकललं गेलं. अठ्ठ्याऐंशी साली कर्ज फिटून बँकेतून पोथी आली तेव्हा तिनं ती पानं मटणाच्या पुड्यांवर लावतात त्या पांढऱ्या पट्टीनं चारी बाजूंनी बंद करून टाकली. सोमवारी फ्रीझर रिकामा लागला, तशी ती खोका घेऊन दुकानात आली आणि काउंटरवर चाचपून पोथी शोधली.

मार्सेलानं समजावलं की प्रत कोर्टात आहे, ग्रँट ती वाचणारच, आणि ती न वाचता घर विकता येणार नाही. उद्या बारा वाजता खोली जाईल.

"जाऊ दे," ॲडलिन म्हणाली. "रोझ मला विसरली तरी चालेल. ड्वेनचा बाप एमिल आहे. मी जिवंत असेतो कुठल्या कागदानं त्याला दुसरं काही सांगायचं नाही."

मार्सेलानं खोका उघडला, पोथी काढली, आणि तेव्हा तिची नजर त्या पानांच्या कडेवर गेली. तीन बाजू पिवळ्या, एक काळी. सोमवारी तिनं हे पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. चाळीस वर्षं पुरतील का, या प्रश्नाचा अर्थ तिला आत्ता लागला.

"बाई, चारी बाजूंना तुमचीच पट्टी होती ना?" तिनं ॲडलिनचं बोट धरलं आणि कागदाच्या कडेवरून हळूहळू फिरवलं.

"ही माझी," ॲडलिन म्हणाली. "ही पण. ही पण." चौथ्या बाजूला बोट थांबलं. तिथे पट्टी गुळगुळीत होती, रबरासारखी. म्हातारीनं ती दोनदा चाचपून पाहिली. "ही माझी नाही. ही तर वायरींना लावतात ती."

जिन्यात पाऊल वाजलं. ड्वेन दारात उभा होता, हातात वायरचं वेटोळं. टेबलावरची पोथी पाहून त्याला सगळं समजलं.

"कधी?" ॲडलिननं विचारलं.

"एकोणीस वर्षांचा होतो. बर्फ काढायला गेलो होतो."

"आणि एमिलला कळलं असतं तर?"

"बाबा इथेच बसले होते, तुझ्या खुर्चीत," ड्वेन म्हणाला. "मी वाचलं. म्हटलं, आता काय? त्यांनी खिशातून पट्टी काढून दिली. म्हणाले, नीट चिकटव, नाहीतर तुझी आई उगाच जिवाला घोर लावून घेईल. मग आम्ही दोघं स्टोडोलांच्या घराची वायरिंग करायला गेलो."

मार्सेलाला वाटलं, आता ॲडलिन रडणार. ती रडलीच, पण मध्येच तिला हसूही फुटलं.

"पस्तीस वर्षं दोघांनी मिळून मला फसवलंत."

"तू आम्हाला फसवत होतीस. फिटंफाट."

तिनं डोळे पुसले आणि पोथी त्याच्याकडे सरकवली. "वाच. मला दिसत नाही. मी तरी कुठे नीट वाचलं होतं, वकील म्हणाला तिथे सही केली. तेव्हापासून न वाचता सही करत नाही."

ड्वेननं खिशातला चाकू काढून काळी पट्टी कापली. पानं उघडली. तो सावकाश, सरकारी कागद वाचतात तसा वाचत गेला. घर पत्नीला, गहाणासकट, यापुढचे हप्ते तिनं भरावेत. रेमंड टिलरचा घरावर हक्क राहणार नाही. मग त्यानं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मुलगा ड्वेन आईजवळ राहील."

कोपऱ्यात फ्रीझर घरघरत होता. ड्वेननं पान खाली ठेवलं. "बघ. कोर्टाचाच हुकूम आहे. आणि गाव मला उगाच नावं ठेवतं."

"ती ओळ परत वाच," ॲडलिन म्हणाली. त्यानं परत वाचली. मग तिनं बँकेचा अर्जही वाचून घेतला, या वेळी शेवटपर्यंत जागी राहिली, आणि सही केली.

शुक्रवारी सव्वाअकराला ग्रँटच्या टेबलावर सगळं आटोपलं. त्यानं पोथी वाचली होती, मुळासकट, आणि शहाण्यासारखा एक शब्द बोलला नव्हता. गहाण सोडल्याचा दाखला बँकेनं हातोहात दिला. मेपल कोर्टला फोन गेला. बाहेर ड्वेनच्या व्हॅनमध्ये आईच्या बॅगा भरलेल्या होत्या, आणि दर रविवारी आपण यायचं हे त्यानं तिच्याकडून ठरवून घेतलं होतं.

टेसानं बिचकत विचारलं की ही पोथी आता कुणाकडे राहणार. ॲडलिननं तिचा हात चाचपून हातात घेतला.

"तुझं कर्ज फिटेपर्यंत बँकेकडे. मग तुझ्या घरी येईल. तेव्हा फ्रीझरमध्ये ठेव, मटणाच्या खाली," ती म्हणाली. "पण पोरी, त्यातलं एकही पान चिकटवू नकोस."